त्साओशू शेवटी आली नाही

तुमचा प्रश्न असा, की चिनी सुलेखनाच्या कित्त्यात चुआन (गोलाईची, शिक्क्यांवरची), ली (कारकुनी), काई (सुटी, नीटस), शिंग (थोडी वाहती), त्साओ (घाईची, लपेटीची) अशा पाच शैली ओळीने दिल्यात, तर प्रत्येक शैली आधीच्या शैलीतून निघाली का? आणि काईशू (शू म्हणजे लिपी) भरभर लिहिली की त्साओशू होते का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. काई, शिंग, त्साओ हा क्रम वेगाचा आहे, काळाचा नाही. काळ बघितला तर त्साओशू काईशूच्या आधीची.

सुरुवातीचा भाग बहुतेकांना माहीत असतो. इ. स. पू. 1250च्या सुमारास आनयांगला बैलाच्या खांद्याच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचांवर कोरलेली अक्षरं, मग काशाच्या भांड्यांवरचे लेख, मग 221 साली (अर्थात इ. स. पू.) छिन सम्राटाने सगळं एकछत्री केल्यावर प्रमाण ठरवलेली छोटी चुआनशू. श्रेय मंत्री ली स याला देतात.

पण चुआनशू शिलालेखांत शोभायची. कचेरीचं काम बांबूच्या पट्ट्यांवर चालायचं, आणि तिथल्या कारकुनांना त्या गोलगोल, एकसारख्या जाडीच्या रेषा काढत बसायला सवड नव्हती. 1975 साली हूपेय प्रांतात श्वेइहूती इथे छिन काळातल्या एका कायदा सांभाळणाऱ्या कारकुनाची कबर सापडली. आत हजाराहून जास्त पट्ट्या, बऱ्याचशा कायदेकानूंच्या. त्यांवरचं कुंचल्याचं लिखाण बघा: गोलाई मोडलेली, रेषा सरळ झालेल्या, म्हणजे लीशूकडे झुकलेलं. यातलं काही 221च्या आधीचं आहे. तुरुंगात बसून छंग म्याओ नावाच्या एकाने लीशू शोधली ही गोष्ट सांगायला छान आहे, एवढंच.

‘घोडा’ हे एक अक्षर घ्या. हाडांवर तो उभा काढलेला घोडाच आहे, मोठा डोळा, आयाळ, पाय, शेपटी. चुआनशूत डोळा जातो, आयाळीच्या तीन रेषा राहतात, पाय-शेपटी खाली लोंबतात. लीशूत त्याच्या खाली चार ठिपके होतात आणि चित्र संपतं. त्साओशूत ते चार ठिपके एका आडव्या फटक्यात उरकतात.

छिननंतरच्या हान घराण्याच्या काळात लीशू नुसती कामचलाऊ राहिली नाही, नटली. आडव्या रेघेचं टोक उजवीकडे दाबून वर उचलायचं, त्याला हंसाची शेपटी म्हणतात. मात्र एका अक्षरात अशी शेपटी एकदाच काढायची. इ. स. 185 सालचा त्साओ छुआन या अधिकाऱ्याचा शिलालेख समोर ठेवलात तर हा नियम डोळ्यांनाच कळेल.

त्याच हान काळात घाईच्या लीशूतून त्साओशू निघाली. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात तिचं इतकं वेड पसरलं की चाओ ई नावाच्या विद्वानाने तिच्याविरुद्ध निबंध लिहिला. म्हणतो, दहा दिवसांत कुंचला झिजवतात, बाह्या आणि ओठ शाईने काळे करून घेतात. वर त्याचा टोमणा असा, की ही लिपी निघाली वेळ वाचवायला, आणि आता लोक पत्रात लिहितात, ‘घाईत आहे, त्यामुळे त्साओशूत लिहिता आलं नाही.’ मला हा माणूस फार आवडतो.

काईशूचे पहिले मोठे नाव चुंग याओ, तो 230 साली वारला. पुढे चौथ्या शतकात वांग शीच आणि सातव्या-आठव्या शतकांत थांग काळातले ओउयांग श्युन, यान चनछिंग यांच्या हातून ती आज दिसते तशी पक्की झाली. म्हणूनच काईशूच्या रेघा कितीही भरभर ओढल्या तरी त्साओशूतलं रूप हाती लागेलच असं नाही. मोडीची आठवण येणं साहजिक आहे, पण मोडीत अक्षरं मोजकी. इथे हजारो अक्षरांची लपेट वेगवेगळी पाठ करावी लागते. ‘पुस्तक’, ‘पूर्व’, ‘घोडा’ यांची चीनमधली आजची सोपी रूपंही सरळ केलेली त्साओशूच आहेत.

शिंगशूचं उदाहरण म्हणून सगळे वांग शीचचा 353 सालचा लानथिंगचा लेख दाखवतात. त्याची मूळ प्रत हरवलेली आहे, आपण बघतो त्या नकला. त्यापेक्षा यान चनछिंगने बंडात मारल्या गेलेल्या पुतण्यासाठी 758 साली लिहिलेला मसुदा बघा. खाडाखोड, कोरडा पडत गेलेला कुंचला, सगळं जसंच्या तसं. तो तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे.

तर काईशूपासून सुरुवात करायला हरकत नाही, ओउयांग श्युनचा 632चा च्युछंग महालाचा लेख गिरवा. त्साओशूला मात्र वेगळा कित्ता घ्या: सुन कुओथिंगचा 687चा शूफू हा ग्रंथ. त्यात बहुतेक अक्षरं सुटी आहेत, त्यामुळे कुठली रेघ कुठल्या अक्षराची हे नवशिक्यालाही समजतं.