न्यूजर्सीत डॉक्टर आहे. आमच्या मंदिरातल्या कीर्तनकार बुवांच्या आर-१ व्हिसासाठी (धार्मिक कामासाठी अमेरिकेत येणाऱ्यांचा व्हिसा) मी पत्र दिलं तर उपयोग होईल का?

होईल, पण पूरक कागद म्हणूनच. नुसत्या तुमच्या पत्रावर व्हिसा मिळत नाही. आर-१चा मूळ अर्ज, म्हणजे फॉर्म आय-१२९, बुवांना कामावर ठेवणाऱ्या मंदिराच्या नावाने जातो. त्यात मुख्यतः पाहतात ते असं: संस्था करमुक्त, ना-नफा धार्मिक आहे का, आणि बुवा अर्जाआधीची सलग किमान २ वर्षं त्याच संप्रदायाचे आहेत का. या दुसऱ्या मुद्द्यावर तुमची साक्ष कामी येते. आमच्या मंडळाची अशी कागदपत्रं मी लावून देतो. ‘थोर विभूती’ छापाची पत्रं ढिगाने येतात आणि वकीलबाई ती सरळ बाजूला काढतात. त्यापेक्षा कधीपासून ओळखता, कुठे ऐकलंत, ‘एकादशीला कीर्तन, रविवारी मुलांकडून हरिपाठ’ असं डोळ्यांनी पाहिलेलं लिहा. सांगोवांगी नको. सहीखाली एमडी पुरे, हॉस्पिटलचं लेटरहेड परवानगीशिवाय वापरू नका. मात्र तुम्ही स्वतःच मंदिराचे विश्वस्त असाल तर ते पत्रात उघड सांगा. तेव्हा त्रयस्थाची साक्ष म्हणून त्याला फारसं वजन राहत नाही.