ब्रिज अकरा वर्षांत गेला, इम्प्लांट तरी टिकेल का?

प्रश्न असा होता : "अकरा वर्षांपूर्वी ब्रिज बसवला तेव्हा वाटलं, आता त्या बाजूची चिंता मिटली. आता तो निकामी झालाय आणि डॉक्टर इम्प्लांट सुचवताहेत. तोही असाच गेला तर? माझ्या नणंदेचा चार वर्षांतच हलायला लागलाय. मुलगा म्हणतो, नेटवर चाळीस वर्षं टिकल्याचं लिहिलंय. नक्की काय धरून चालायचं?"

विचारणाऱ्या बाई ५४ वर्षांच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू. खालची डावी पहिली दाढ पूर्वी काढलेली. तिच्या पुढची उपदाढ आणि मागची दुसरी दाढ घासून तीन दातांचा ब्रिज बसवलेला, म्हणजे दोन्ही दातांवर कॅप (टोपणं) आणि त्यांना जोडलेला मधला खोटा दात. दुखत काहीच नव्हतं. त्या बाजूने चावलं की घाण चव यायची, एवढीच तक्रार.

नवा उपाय, म्हणजे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा स्क्रू आणि त्यावर कॅप), निवडण्याआधी जुना का गेला हे कळायला हवं, नाहीतर तेच कारण नव्या कामालाही भोवतं. तपासताना मागच्या कॅपवर बोटाने दाबून सोडलं की कॅपच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे येत होते. याचा अर्थ मागच्या कॅपखालचं सिमेंट सुटलं होतं, पुढची कॅप मात्र घट्ट होती. म्हणून ब्रिज पडला नाही. दर घासाला लाळ कॅपखाली आत-बाहेर होत राहिली आणि आतला दात किडत गेला. नस केव्हाच मेली होती, त्यामुळे कळही आली नाही. धातूच्या कॅपखालचं एक्स-रेमध्येही नीट दिसत नाही. संपूर्ण ब्रिज निघून हातात आला असता तर त्या त्याच दिवशी दवाखान्यात आल्या असत्या आणि दाढ कदाचित एवढी खराब झाली नसती. ब्रिजची ही अर्धवट सुटलेली अवस्था सगळ्यांत फसवी असते.

ब्रिजचं आयुष्य सहसा पोर्सिलेनवर ठरत नाही, खालच्या दोन दातांवर ठरतं. कॅपच्या कडेला कीड, घासलेल्या दाताची नस काही वर्षांनी मरणं, सिमेंट सुटणं आणि रूट कॅनाल झालेला दात मुळाशी मोडणं ही नेहमीची कारणं. कॅपसाठी दात वरून साधारण दीड ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी एक ते दीड मिलिमीटर घासावा लागतो. चांगल्या दाताची ही किंमत असते. त्यात या बाईंना ब्रिजच्या मधल्या खोट्या दाताखालून साफ कसं करायचं हेच कुणी दाखवलं नव्हतं. तिथे साधा फ्लॉस (फटी साफ करायचा दोरा) वरून जातच नाही, कारण तिन्ही दात एकमेकांना जोडलेले. कडक टोक असलेला सुपरफ्लॉस बाजूने आत ओवायचा, त्याचा जाडसर भाग खोट्या दाताखाली आणायचा आणि दोन्ही खांबदातांच्या (ब्रिजला आधार देणाऱ्या दातांच्या) आतल्या बाजूंवरून पुढे-मागे फिरवायचा. रोज रात्री, दोन मिनिटं.

आता वर्षांचा हिशेब. उपलब्ध अभ्यास एकत्र पाहिले तर दहा वर्षांनी शंभरातले सुमारे ९५ इम्प्लांट जागेवर असतात. त्यांच्यावरची कॅप मात्र तेवढी टिकत नाही. ती दहा वर्षांनी शंभरात ९० च्या आसपास टिकलेली असते. दोन्हीकडे खांब असलेल्या नेहमीच्या ब्रिजचा आकडाही जवळपास तेवढाच. एकाच बाजूने आधार घेऊन खोटा दात पुढे काढलेला ब्रिज असेल तर तो ८० पर्यंत खाली येतो. म्हणजे अकरा वर्षं चाललेला ब्रिज हे काही फसलेलं काम नव्हे, हे बाईंना आधी सांगणं गरजेचं होतं. त्यांना आपण फसवले गेलो असं वाटत होतं.

या आकड्यांत 'टिकला' याचा अर्थ फक्त 'तोंडात आहे' एवढाच. मधे पोर्सिलेनचा टवका उडाला, स्क्रू सैल झाला, कॅप पुन्हा चिकटवावी लागली, तरी तो टिकलेल्यांतच मोजतात. इम्प्लांटवर बसवलेल्या ब्रिजच्या बाबतीत पहिल्या पाच वर्षांत साधारण तिघांपैकी एकाला अशी काही ना काही दुरुस्ती लागते. मला वाटतं, इम्प्लांट घेण्याआधी पेशंटला हे वाक्य ऐकायला मिळालंच पाहिजे.

मुलाने वाचलेली चाळीस वर्षं खरी आहेत. स्वीडनमध्ये ब्रोनमार्क यांनी १९६५ साली पहिल्या पेशंटच्या जबड्यात टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले आणि ते त्या गृहस्थाच्या मृत्यूपर्यंत, २००६ पर्यंत, कामात होते. पण ते एका माणसाचं उदाहरण आहे, हमी नाही. 'लाइफटाइम' शब्द असलेल्या वॉरंटी कार्डावर सहसा बदलून मिळणारा सुटा भाग लिहिलेला असतो. हाड गेलं तर ते कुठलंही कार्ड भरून देत नाही.

म्हणून "किती टिकेल" हा प्रश्न बाईंपुढे तीन तुकड्यांत मांडला. हाडातला टायटॅनियमचा स्क्रू, त्याला वरची कॅप जोडणारा बारीक स्क्रू आणि कॅप, आणि भोवतालची हिरडी व हाड. तिन्हींचं बिघडणं वेगळं, लक्षणं वेगळी.

नणंदेचा 'हलणारा इम्प्लांट' यांतल्या दुसऱ्या तुकड्यातला होता. हाडात पक्का रुजलेला इम्प्लांट थोडासुद्धा हलत नाही. तोच हलत असेल तर तो गेलेला असतो आणि काढावाच लागतो. पण वर्षानुवर्षं नीट चाललेल्या कामात एकाएकी हलायला लागतं ती बहुतेक वेळा कॅप असते. चावताना किंचित 'टक' असं जाणवतं, कॅप गोल फिरल्यासारखी वाटते, दुखत नाही. नणंदबाईंचं असंच निघालं. कॅपच्या मधलं छिद्र उघडून आतली टेफ्लॉनची पट्टी काढली, स्क्रू बाहेर काढून पाहिला, नवा घातला आणि टॉर्क-पान्याने (किती जोराने आवळलं हे मोजणाऱ्या पान्याने) कंपनीने दिलेल्या मापाला आवळला. हे माप बहुतेक इम्प्लांटना ३० ते ३५ न्यूटन सेंटिमीटर असतं. दहा मिनिटांनी पुन्हा तेवढंच आवळावं लागतं, कारण पहिल्या आवळण्यानंतर आटे एकमेकांत बसतात आणि ताण थोडा उतरतो. मग छिद्र बंद, चावा तपासून काम संपलं. मात्र सैल कॅपवर महिनोनमहिने चावत राहिलं तर स्क्रू आतच मोडतो आणि तो तुकडा काढणं फार अवघड असतं. कॅप हलतेय असं वाटलं की त्या बाजूने खाणं त्याच दिवशी थांबवायचं.

स्क्रू सैल होण्यामागे सहसा चावा असतो. खऱ्या दाताभोवती तंतूंची गादी असते, तो दाबाखाली थोडा दबतो. इम्प्लांट हाडाला थेट चिकटलेला, त्यामुळे तो जवळजवळ दबतच नाही आणि जोरही नीट जाणवत नाही. म्हणून इम्प्लांटवरच्या कॅपचा चावा किंचित हलका ठेवतात : अगदी पातळ धातूची पट्टी दातांत धरून हळू चावलं तर ती इम्प्लांटवरून सरकून निघाली पाहिजे, जोरात चावल्यावर अडकली पाहिजे. रात्री दात खाण्याची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं कवच) हवाच.

तिसरा तुकडा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्यात दुखतच नाही. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालच्या हिरडीला सूज येते. खऱ्या दातात हिरडीचे तंतू दाताच्या मुळामध्ये रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते बाजूने टेकलेले. जंतूंना खाली उतरायला अडसर कमी. सूज हिरडीपुरती असेतो सफाईने परत फिरते. हाड खायला लागली की उपचार असतात, पण गेलेलं हाड खात्रीने परत येत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी तीन : आधीचा हिरड्यांचा आजार, तंबाखू-सिगारेट आणि हाताबाहेर गेलेली साखर. चौथी दवाखान्यातली : सिमेंटने चिकटवलेल्या कॅपच्या कडेखाली राहून गेलेलं जादा सिमेंट. कॅपची कड हिरडीच्या खाली खोल असेल तर ते डोळ्यांना दिसत नाही. कोन जुळत असेल तर स्क्रूने बसणारी कॅप मागावी, हे माझं स्पष्ट मत. बिघडली तर काढून साफ करून परत लावता येते.

बाईंच्या बाबतीत पहिला प्रश्न मात्र इम्प्लांटचा नव्हताच. किडलेली मागची दाढ वाचते का, हा होता. ब्रिज कापून काढला, कीड साफ केली. हिरडीच्या वर तीन बाजूंनी सुमारे दोन मिलिमीटर भक्कम दात उरला. कॅपला धरायला एवढी कड लागतेच. रूट कॅनाल करून एकट्या कॅपसाठी दाढ चालणार होती. पुन्हा ब्रिजचा खांब म्हणून तिच्यावर शेजारच्या दाताचाही भार टाकणं डॉक्टरांना पटलं नाही. योग्यच केलं. त्यामुळे ठरलं ते असं : उपदाढेला स्वतंत्र कॅप, मागच्या दाढेला स्वतंत्र कॅप, मधे इम्प्लांट. यात एक बिघडलं तरी तिघांना हात लावावा लागत नाही आणि प्रत्येक फटीत साधा फ्लॉस जातो.

स्कॅनमध्ये मधल्या जागेत हाडाची रुंदी साडेसात मिलिमीटर होती आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस हाडाच्या कडेपासून १३ मिलिमीटरवर. साडेचार मिलिमीटर जाड, दहा मिलिमीटर लांब इम्प्लांट निवडला, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर हाड आणि नसेपासून तीन मिलिमीटर अंतर राहिलं. नसेपासून किमान दोन आणि शेजारच्या मुळांपासून दीड मिलिमीटर, हे दोन आकडे स्कॅन दाखवून समजावून घ्यावेत.

बाईंचं एचबीए१सी ८.९ होतं. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. ही तपासणी रक्तातल्या साखरेची मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगते, म्हणून आठवडाभर पथ्य करून आकडा बदलत नाही. त्या काळात हिरड्यांची खोल सफाई, रूट कॅनाल आणि तात्पुरत्या कॅप उरकल्या. आकडा ७.२ वर आल्यावर इम्प्लांट बसवला आणि तीन महिने हाड धरू दिलं. वरच्या जबड्याचं हाड भुसभुशीत असतं, तिथे सहसा जास्त थांबावं लागतं.

बाईंना वाटलं होतं, उशीर म्हणजे नुकसान. खरं तर न रुजणारे इम्प्लांट बरेचसे याच पहिल्या काही महिन्यांत, कॅप चढण्याआधीच जातात. घाई तिथे महाग पडते.

कॅप बसली त्या दिवशी एक एक्स-रे काढला. तो पुढच्या प्रत्येक तुलनेचा पाया. एक्स-रे नीट आहे का हे पेशंटलाही ओळखता येतं : इम्प्लांटचे आटे दोन्ही बाजूंना धारदार दिसले पाहिजेत, पुसट दिसले तर फिल्म तिरकी धरली गेलीय आणि हाडाची उंची त्यावरून मोजू नये. पहिल्या वर्षात इम्प्लांटच्या मानेपाशी, म्हणजे वरच्या टोकाशी, हाड एक-दीड मिलिमीटरपर्यंत उतरू शकतं. त्यानंतर वर्षाला ०.२ मिलिमीटरच्या आत, ही जुनी आणि आजही वापरात असलेली मोजपट्टी. बाईंच्या वर्षानंतरच्या एक्स-रेत पहिल्या आट्याच्या वरपर्यंत हाड शाबूत होतं. हिरडीतून एका जागी थोडं रक्त आलं, मागच्या फटीत ब्रश पोचत नव्हता. मोठ्या मापाचा इंटरडेंटल ब्रश (दातांमधल्या फटीत घालायचा बारीक ब्रश) दिला आणि तिथल्या तिथे वापरून दाखवायला सांगितलं.

मधुमेह आणि हिरड्यांचा जुना त्रास असल्याने त्यांना दर चार महिन्यांनी बोलावतात. मधे ब्रश करताना रक्त, दाबल्यावर पू, कॅपभोवती नव्याने अन्न अडकणं यांतलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहायची नाही. अन्न अडकायला लागणं हे पुष्कळ जण किरकोळ समजतात. खरे दात वर्षानुवर्षं किंचित पुढे सरकत राहतात, इम्प्लांट जागचा हलत नाही, त्यामुळे शेजारच्या दाताशी फट पडते आणि तिथे शेजारचा खरा दात किडतो. कॅप काढून ती बाजू भरून घेता येते.

फाइलमध्ये इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी, लॉट क्रमांक, कॅप स्क्रूची की सिमेंटची, आणि पहिल्या दिवसाचा एक्स-रे हे सगळं असावं, आणि त्याची प्रत पेशंटकडेही. दहा वर्षांनी दुसऱ्याच दवाखान्यात सैल स्क्रू आवळायची वेळ आली, तर कोणता पाना लागेल हे त्या कागदावरूनच कळतं.