शंभर मेंढ्यांना एकच माडग्याळ मेंढा?

येवल्याच्या दादांनी विचारलंय की त्यांच्याकडे शंभर दख्खनी मेंढ्या आहेत, तर घरचे दोन्ही मेंढे विकून एकच दांडगा माडग्याळ (सांगलीच्या जतकडची वजनदार जात) आणावा का? दादा, माडग्याळ आणा, पण सगळा वाडा, म्हणजे कळप, त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

नात्यातलं रक्त किती लवकर मिसळेल, याचा हिशेब सांगतो; आकडा जितका लहान, तितकं लवकर. नर गुणिले माद्या, त्याची चौपट, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेनं भागा. शंभर मेंढ्या, एक मेंढा : उत्तर जेमतेम ४. डोळ्यांना १०१ जनावरं दिसतात, रक्ताच्या हिशेबात चारच. दोन नरांवर ८ च्या आत, चारांवर १५ च्या वर. शिवाय एका मेंढ्याला २५-३० च्या वर मेंढ्या झेपतही नाहीत.

आमच्या सिन्नरकडच्या वाड्यावर मी हाच गाढवपणा केलाय. एक देखणा मेंढा पाच वर्षं ठेवला, तो स्वतःच्या लेकींवर गेला. कोकरं बारीक झाली, दोघांचे जबडे वाकडे निघाले. मी चाऱ्याला दोष देत बसलो!

माझं ऐकाल तर तीन दख्खनी मेंढे तीन वेगळ्या वाड्यांवरून घ्या. संगमनेरी, म्हणजे दख्खनीचाच एक प्रकार, आपल्या जवळच मिळतील. माडग्याळाला २५ मेंढ्या वेगळ्या काढून द्या आणि त्याची कोकरं, नर असो की मादी, सगळी बाजारात. वजनाचे पैसे तिथून येतील. वाड्यात ठेवायच्या पाठी (मादी कोकरं) मात्र दख्खनीच्याच. उन्हाळ्यात नुसत्या काढलेल्या रानावर चरत मैलोन्‌मैल चालणारी ही जात, ती एकदा मिसळून गेली की परत वेगळी काढता येत नाही. आणि काळी जाडीभरडी लोकर? भाव नाही म्हणता, पण घोंगडी तिचीच होते.

जुळ्यांचंही विचारलंत. तो गुण सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीतून फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनीत आणलाय. जनुकाची एक प्रत असली तरी पुरते, रक्त तपासून कळतं. पण तुमचा वाडा आठ महिने वाटेवर. दोन कोकरांना दूध कुठून पुरवणार? गोठ्यावर खुराक देणार असाल तरच त्या वाटेला जा.

दोन वर्षांच्या आत, लेकी मेंढ्याला यायच्या आधी, शेजारच्या वाड्याशी नर मेंढ्यांची अदलाबदल करा. कोणत्या मेंढ्याची पाठ कोणती, हे कानावर खूण करून ठेवा. डोक्यात राहत नाही, मला तरी राहिलं नाही.