२०१४ ची डिझेल डिझायर घेऊ का? नेहमीचे बिघाड कोणते आणि वर्षाचा खर्च किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात २०१४ ची डिझेल स्विफ्ट डिझायर सव्वातीन लाखांना मिळतेय, रनिंग ९५ हजार. ऑफिसला रोज येऊन-जाऊन १२ किलोमीटर, महिन्यातून एकदा साताऱ्याला गावी. घ्यावी का, काय काय बिघडतं, वर्षाला किती पैसे लागतात?

डिझायर घ्या, पण ही नको. त्याच बॉडीची १.२ पेट्रोल शोधा.

तुमचं वर्षाचं रनिंग सहा हजारांच्या आसपास होतं. सध्याच्या दरांनी डिझेलमुळे किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये वाचतील, म्हणजे वर्षाला बारा ते पंधरा हजार. आकडा वाईट नाही. पण डिझेलचं एक मोठं काम निघालं की दोन-तीन वर्षांची बचत एका बिलात जाते, आणि सहा किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या डिझेल गाडीत ते काम लवकर निघतं. इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होतं, काजळी साचते, ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) चोंदतो, पिकअप मरतो.

इंजिन मात्र वाईट नाही हं. हे १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट. मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनी वापरलं, पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यातही बनायचं. पुण्यात ते उघडून बसवणारे मिस्त्री भरपूर आहेत आणि पार्टही मिळतात. हायवेला रोज शंभर किलोमीटर पळणाऱ्याला मी डोळे झाकून हेच सांगितलं असतं. लाख किलोमीटरच्या पुढे त्यात तीन गोष्टींचं भय: इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारतो तो), टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), क्लच. इंजेक्टर दुरुस्तीत भागला तर ठीक, नवा घ्यायचा तर एकेक पाच आकड्यांत जातो, आणि असतात चार. टर्बोचं काम पंधरा हजारांच्या पुढेच सुरू होतं. क्लचसेट मजुरीसकट ११ ते १५ हजार. पेट्रोलला तोच सात-नऊ हजारांत होतो. (हे सगळे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे अंदाज आहेत, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला यात भर धरा.)

दोन्ही इंजिनांना टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठराविक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पण आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं नसेल तर चेन ढिली होते आणि सकाळी पहिल्या स्टार्टला पुढून खडखड ऐकू येते. म्हणून बघायला जाताना विकणाऱ्याला सांगून ठेवा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर विचारा का.

आता बिघाड. या गाडीचा सगळ्यात जास्त येणारा म्हणजे पुढून होणारा ‘टक टक’ आवाज. स्पीडब्रेकरवरून हळू जाताना किंवा खड्ड्यात एकच चाक गेल्यावर येतो. दहापैकी सात-आठ वेळा लिंक रॉड (पुढच्या सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्या) असतात, दोन्ही मिळून दीड-दोन हजारांचं काम. त्यानंतर लोअर आर्मचे बुश, मग शॉकअपचं माउंटिंग. स्टीअरिंगचा नंबर शेवटी लागतो. माझ्या गाडीला असाच आवाज आला तेव्हा एका सर्व्हिस सेंटरने स्टीअरिंग असेंब्ली बदलायचं एस्टिमेट हातात ठेवलं, वीस हजारांच्या वरचं. मी गाडी तशीच बाहेर काढून नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने जॅक लावला, चाक हलवलं, लिंक रॉड बदलले, आवाज गेला. तेव्हा आवाजावरून कुणी थेट मोठं काम सांगितलं तर आधी छोटं करून बघा. पुढचे दोन्ही शॉकअप खरंच गेले असतील तर पाच ते सात हजार, लोअर आर्म जोडी चार-सहा हजार. आपल्याकडच्या रस्त्यांवर हा खर्च तीन-चार वर्षांनी येतोच.

एसीत दहा वर्षांच्या गाडीचा कूलिंग कॉइल लीक होणं नेहमीचं आहे. गॅससकट सहा-नऊ हजार. ‘फक्त गॅस भरायचाय’ असं विकणारा म्हणाला तर समजा गॅस कुठून तरी जातोय. बॅटरी पेट्रोलला चार-पाच हजार, डिझेलला जास्त. चार टायर १७ ते २२ हजार. टायरवरच्या चार आकड्यांत शेवटचे दोन तयार झाल्याचं वर्ष दाखवतात, नक्षी शाबूत दिसली तरी ते वाचा. पॉवर विंडो, सेंट्रल लॉक, आरसे ही किरकोळ कामं.

पेट्रोल डिझायरचा वर्षाचा हिशोब असा बसतो. ऑइल-फिल्टरची सर्व्हिस तीन ते साडेचार हजार. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि वर जीएसटी, म्हणजे चार हजारांच्या थोडं वर. फुल इन्शुरन्स घेतला तर जवळपास दुप्पट. झीज-तुटीसाठी दहा-बारा हजार बाजूला. सगळं मिळून २०-२५ हजार. डिझेलला यात आठ-दहा हजार वाढवा. पहिलं वर्ष मात्र वेगळं असतं. गाडी विकायची ठरली की माणूस टायर, क्लच, बॅटरी पुढे ढकलतो आणि ते बिल तुमच्या वाट्याला येतं. त्यामुळे किमतीशिवाय ४० हजार हाताशी ठेवूनच व्यवहाराला बसा. त्याहून बरं म्हणजे मिस्त्रीला सोबत नेऊन यादी काढा आणि तेवढी रक्कम किमतीतून पाडून मागा.

डिझायरमध्ये आणखी एक भानगड असते, टॅक्सीत पळालेल्या गाड्या. पिवळी पाटी काढून पांढरी लावणं कायदेशीर आहे, पण मग ९५ हजारांवर विश्वास कसा ठेवायचा? मागच्या सीटचा फोम बसलाय का, पेडलचं रबर गुळगुळीत झालंय का, ते मीटरशी ताडून बघा. कंपनीच्या सेंटरला मालकासोबत गेलात तर गाडी नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी निघते, त्यात प्रत्येक वेळचं रनिंग असतं. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर आणि चिपळूणचा २०२१ चा, यात बुडालेल्या गाड्याही धुऊनपुसून विकल्या गेल्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते. डिकीतली स्टेपनी उचलून खालचा पत्रा बघा.

कागदांचं पटकन सांगतो. २०१४ च्या गाडीचं आरसी २०२९ पर्यंत. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, पहिल्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये, शिवाय फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा काढायला फॉर्म ३५, गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. ई-चलान नंबर टाकून आधीच बघा, कधीकधी दहा हजारांची थकबाकी निघते. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी बसलेली नसेल तर ७४५ रुपये अधिक जीएसटी. आणि विकणारा ‘५० टक्के नो क्लेम बोनस आहे’ म्हणून किंमत वाढवत असेल तर भुलू नका. क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी ती सूट मालकाची असते, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही.