काळा पडलेला कडबा आणि इतर प्रश्न

हवामान बिघडले की चारा कमी पडणार, एवढे सगळ्यांना पटलेले आहे. जो चारा हाती आला तो पूर्वीसारखाच आहे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. गंजीची उंची पाहून हिशेब मांडला जातो आणि मग महिन्याभराने तीच ती गाऱ्हाणी येतात. म्हणून वारंवार येणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देतो आहे.

प्रश्न : कडबा नेहमीइतकाच साठवला आहे, जनावरे खातातही. खुराक बदललेला नाही. तरी दूध उतरले आहे. हवामानाचा संबंध असेल का?

असू शकतो. पण आधी कासदाह, जंत आणि गाभणपण ही साधी कारणे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. हवामानाच्या नावावर सगळेच ढकलता येत नाही.

ती कारणे नसतील तर चाऱ्याकडे वळा. वाढीच्या काळात तापमान जास्त राहिले की पीक लवकर पक्व होते आणि ताटाच्या पेशीभित्तिका अधिक कठीण होतात. त्यातले लिग्निन, म्हणजे ताटाला लाकडासारखे कठीण करणारे द्रव्य, वाढते, आणि लिग्निन गाईम्हशींच्या कोठीपोटातल्या (पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातल्या) जिवाणूंनाही पचत नाही. उष्णतेने पाने करपून गळतात, ते नुकसान वेगळेच. ज्वारी-मक्याच्या सरमाडात प्रथिने मुख्यतः पानांत असतात. पाने गेली की उरते ते दांडके.

गहू आणि भात यांच्या बाबतीत आणखी एक भानगड आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे २८० होते, आज ते ४२० च्या वर गेले आहे. या वाढीव वायूमुळे गहू-भाताची वाढ जोमाने होऊ शकते, पण त्यातल्या नत्राचे प्रमाण घटते. काड भरपूर आणि प्रथिने कमी, असा प्रकार. ज्वारी, बाजरी, मका यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्यावर हा परिणाम कमी दिसतो. कोठीपोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला आहारात साधारण ७ टक्के प्रथिने लागतात. गव्हाच्या किंवा भाताच्या काडात ती मुळातच ३-४ टक्के. त्यातून आणखी घट झाली की जनावर पोट भरूनही उपाशी राहते.

शिवाय निकृष्ट वैरण पचवताना शरीरात उष्णता जास्त तयार होते. म्हणून कडक उन्हाळ्यात जनावर स्वतःहून खाणे कमी करते. जाडीभरडी वैरण पहाटे आणि रात्री टाका, पाणी कायम समोर ठेवा. चाऱ्याचा नमुना तपासून घ्या आणि त्या अहवालावरून पशुआहार तज्ज्ञाकडून रोजचा आहार ठरवून घ्या. अंदाजाने पेंड वाढवू नका.

प्रश्न : दुष्काळातला कडबा निकृष्टच असतो ना?

नेहमी नाही. कणीस भरले नाही तर साखर ताटातच राहते, त्यामुळे असा कडबा कमी मिळाला तरी कधीकधी पचायला बराच निघतो. तो वाईट म्हणून फेकू नका आणि चांगला म्हणून तपासल्याविना घालूही नका. कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पावसाच्या खंडाने ज्वारी खुरटली. मध्ये एक सर आली आणि नवे फुटवे आले. कापून घातले तर चालेल का? वाळवले की विष जाते असे ऐकले आहे.

ऐकले ते अर्धे खरे आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्यापायीच जनावरे दगावतात.

खुरटलेल्या ज्वारीत दोन वेगवेगळी विषे असू शकतात. पहिले हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइड. ते कोवळ्या पिकात आणि ताणानंतर आलेल्या फुटव्यांत सर्वाधिक असते. नीट वाळवल्यावर ते बरेच कमी होते. दुसरे नायट्रेट. पीक जमिनीतून नत्र उचलते, पण पाण्याअभावी वाढ थांबलेली असल्याने त्याची प्रथिने बनत नाहीत आणि नायट्रेट ताटाच्या बुडख्यात साचून राहते. खंडानंतर पाऊस पडला की पुढचे काही दिवस हे प्रमाण आणखी चढते. नायट्रेट वाळवल्याने जात नाही. गंजीत महिनोन्‌महिने तसेच राहते. मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) केला तर आंबताना त्यातले बरेचसे घटते, पण सगळे जाईल असे नाही.

म्हणून पाऊस झाल्यावर लगेच कापणी करू नका, कापताना बुडखा वीतभर ठेवा, आणि नमुना प्रयोगशाळेत दिल्याविना दावणीत एक पेंढीही टाकू नका. अहवालातला आकडा ‘नायट्रेट’चा आहे की ‘नायट्रेट-नायट्रोजन’चा, हे विचारून घ्या, दोन्हींत जवळपास साडेचारपट फरक पडतो.

चारा खाल्ल्यावर जनावर धापा टाकू लागले, थरथरले, आडवे पडले, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. सायनाइडच्या विषबाधेत रक्त लालभडक दिसते, नायट्रेटच्या विषबाधेत चॉकलेटी. दोन्हींची औषधे वेगळी आहेत आणि ती पशुवैद्यकानेच द्यायची असतात. हातात वेळ मिनिटांचा असतो. ‘सकाळपर्यंत वाट पाहिली’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही.

प्रश्न : गंजीत हात घालवत नाही इतकी ती गरम झाली आहे. उपसून वारा देऊ का?

उपसू नका. आत हवा शिरली की पेट घेते. माणसे-जनावरे लांब करा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

प्रश्न : कापणी करून पसरलेला कडबा अवकाळीत भिजला. वरून काळा पडला आहे, आत पांढरी बुरशी दिसते. चार दिवस कडक ऊन दाखवले, वासही गेला. दुकानदाराने बुरशीवर पावडर दिली आहे. आता घालायला हरकत नाही ना?

आहे. मोठी हरकत आहे. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि दर वेळी सोबत तेच ऊन आणि तीच पावडर.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की हवा सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. त्यामुळे पडतो तेव्हा पाऊस धो धो पडतो, आणि तो कापणी-मळणीच्या दिवसांत आला की पहिला बळी पसरलेली वैरण. पावसाने त्यातली विरघळणारी साखर आणि पोटॅश धुऊन जाते. पोषण घटले ते घटलेच. पण खरा धोका नंतर सुरू होतो.

बुरशी आणि बुरशीचे विष या दोन गोष्टी आहेत. उन्हाने बुरशीची वाढ थांबते, वास जातो, पांढरा थर झटकला जातो. तिने तयार केलेले विष मात्र काडीत तसेच राहते. अफ्लाटॉक्सिन हे असेच एक बुरशीचे विष तर स्वयंपाकाच्या उष्णतेनेही पुरते नष्ट होत नाही. जनावराने ते खाल्ले की दिवसाभरात त्याचे एम-१ हे रूप दुधात उतरते आणि दूध उकळून ते जात नाही. कोडेक्सच्या, म्हणजे जागतिक अन्नमानकांच्या, नियमानुसार दुधात त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपीय संघात ०.०५. इतक्या बारीक मापाची गोष्ट तुम्ही नाकाने हुंगून ठरवणार?

अफ्लाटॉक्सिन बहुतेक वेळा पेंड, सरकी, मका यांतून येते हे खरे. कडब्यात, पेंढ्यात फ्युजेरियमसारख्या दुसऱ्या बुरशा अधिक. बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाऊन म्हशींना देगनाला रोग होतो : शेपटीचे टोक, कानाच्या पाळ्या, खुरांजवळची कातडी काळी पडून सडते, झडते. पायाला काहीतरी लागले असेल म्हणून लोक हळद लावत बसतात आणि गव्हाणीत तोच पेंढा चालू असतो! ॲस्परजिलससारख्या बुरशीमुळे गाई गाभडतात. आणि असा चारा झटकणाऱ्या माणसाच्या फुप्फुसालाही त्या धुळीने कायमची इजा होऊ शकते.

आता पावडर. बेंटोनाइटसारख्या मातीवर बनवलेली पावडर अफ्लाटॉक्सिनला बऱ्यापैकी धरून ठेवते. फ्युजेरियमच्या बहुतेक विषांपुढे तिचे फारसे चालत नाही. ‘कोणताही खराब चारा सुरक्षित करा’ असे पुडक्यावर छापलेले असेल तर ते पुडके परत करा. विकणाऱ्याला विचारा, कोणत्या विषावर, किती मात्रेत, आणि तपासणी कुठे झाली? उत्तर आले नाही की काय ते समजा.

काळा-पांढरा भाग दिसतो तेवढाच काढून बाकीचा घालणे हाही जुगारच आहे. गाभण, दुभत्या आणि लहान जनावरांना अशा गंजीतले काहीही देऊ नका. बाकीच्यांसाठी स्वच्छ दिसणाऱ्या भागाचा नमुना तपासा आणि पशुवैद्यकाशी बोलून ठरवा. पूर्ण बुरशीचा चारा अंथरायलाही नको, जनावर तो खातेच. कंपोस्टात घाला, तेही तोंडाला फडके बांधून.

पुढच्या वेळी ओलावा १५ टक्क्यांखाली आल्याशिवाय गंजी लावू नका. पान खुळखुळते म्हणून फसू नका; ज्वारी-मक्याच्या पेरात पाणी बरेच दिवस टिकते. पेर चिरून बघा. गंजी जमिनीपासून उचललेली हवी आणि वर ताडपत्री. पाऊस दारात असेल तर वाळवण्याचा हट्ट सोडून हिरव्या पिकाचा मुरघास करा.

प्रश्न : अशा बुरशीच्या पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया केली तर?

नाही. ती प्रक्रिया चांगल्या, कोरड्या काडासाठी आहे : १०० किलोला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून, हवाबंद, साधारण २१ दिवस. सहा महिन्यांखालील वासरांना असा चारा देऊ नका, आणि पहिल्यांदा करताना जाणकार माणूस शेजारी उभा करा.

प्रश्न : पानोळा जास्त असलेला भाताचा पेंढा चांगला का?

ज्वारीत हो, भातात नाही. भाताच्या पानात सिलिका जास्त, ताट त्याहून बरे पचते.

प्रश्न : पुढच्या हंगामासाठी वाण निवडताना चाऱ्याचा विचार कसा करावा?

बुटक्या, कणसाला जड वाणांनी धान्य दिले आणि काड कमी केले, हे लक्षात ठेवा. ज्वारीत पक्वतेनंतरही पान हिरवे राहण्याचा गुण असलेल्या वाणांवर इक्रिसॅटसारख्या (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) संशोधन संस्थांत बरीच वर्षे काम चालू आहे. ताणातही त्यांचे पान टिकते, म्हणून कडबाही सरस राहतो. बियाणे घेताना धान्याबरोबर कडब्याचे उत्पादन आणि पचनीयता विचारा. विक्रेत्याकडे ही माहिती सहसा नसते, कृषी विद्यापीठाच्या पैदासकाराकडे असते. आणि सगळे रान एकाच वाणाखाली घालू नका. जोडीला चवळीसारखे एखादे द्विदल ठेवा. त्याच्या पाल्यात प्रथिने जास्त, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्याने नत्राची जी घट होते ती द्विदलांत कमी आढळते. कोणते द्विदल आणि किती, हे तुमची जमीन आणि पाणी पाहून तिथल्याच कृषी तज्ज्ञाने सांगायचे.