पाचवा महिना लागलाय, वजन 5 किलो वाढलंय. भात-पोळी बंद करू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उंची 5 फूट 1 इंच, दिवस राहण्याआधी वजन 58 किलो, आता अठरावा आठवडा आणि काटा 63 दाखवतोय. रोज बोरिवली ते लोअर परळ लोकलने नोकरी. डॉक्टर म्हणाल्या वजनाकडे लक्ष द्या, सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा. मग भात-पोळी सोडून डाएट सुरू करावं का?

नको. गरोदरपणात वजन उतरवण्याच्या फंदात पडायचं नाही, फक्त ते कोणत्या वेगाने वाढतंय ते सांभाळायचं. त्यासाठी तुमचं जेवण कमी करायची गरज नाही, ताटातल्या वाटण्या बदलायची आहे.

आधी तुमचा हिशोब मांडू. 58 किलोला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने (1.55 × 1.55, म्हणजे 2.4) भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, येतो 24.1. जागतिक तक्त्यात 25 च्या खालचा बीएमआय सामान्य धरतात, पण भारतीय शरीरात त्याच वजनाला चरबीचं प्रमाण जास्त असतं म्हणून आपल्याकडे 23 च्या वर गेलं की जास्त वजन समजतात. तुम्ही बरोबर या दोन रेषांच्या मधे आहात. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचा 2009 चा तक्ता आपल्याकडचे डॉक्टरही वापरतात. त्यात सामान्य वजनाच्या बाईने नऊ महिन्यांत साडेअकरा ते 16 किलो वाढावं, जास्त वजन असलेलीने 7 ते साडेअकरा, असं आहे. तुमच्यासाठी मी मधला आकडा धरेन, साडेअकराच्या आसपास.

पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते 2 किलो वाढ अपेक्षित असते, पुढे आठवड्याला 300 ते 400 ग्रॅम. त्या हिशोबाने अठराव्या आठवड्यात 2 ते 4 किलो वाढ हवी होती, तुमची 5 झाली आहे. म्हणजे किलोभर पुढे गेलात. घाबरण्यासारखं काही नाही. उरलेले 22 आठवडे 300 ग्रॅमने चाललात तरी शेवटी साडेअकरा-पावणेबारावर पोचाल. पण आत्ताचा वेग तसाच राहिला तर साखर, रक्तदाब, मोठं बाळ आणि अडणारं बाळंतपण यांची शक्यता वाढते. डॉक्टर त्यासाठीच बोलल्या असणार.

आता दोन जिवांचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या शिफारशीत गरोदर बाईला रोज 350 कॅलरी जास्त सांगितल्या आहेत. दुप्पट जेवण कुठेच नाही. 350 म्हणजे एक ग्लास टोन्ड दूध, एक उकडलेलं अंडं, मूठभर भाजलेले चणे आणि एक पेरू. बस, एवढंच. मध्यम आकाराचा एक डिंकाचा लाडू दोनशेच्या आसपास जातो, म्हणजे सकाळी दोन लाडू खाल्ले की दिवसभराचा वाढीव वाटा संपून वर गेला, आणि त्यातून प्रथिनं मिळाली अगदी थोडी. ऑफिसातला चहाही मोजा. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे आठ चमचे साखर, साधारण दीडशे कॅलरी, ज्यांचा बाळाला काहीही उपयोग नाही. सगळ्यात आधी काही कमी करायचं असेल तर हे करा. चहा दोन कपांवर आणा, साखर अर्ध्या चमच्यावर.

खरी उणीव असते प्रथिनांची. त्याच शिफारशीप्रमाणे साधारण 55 किलोच्या बाईला रोज 46 ग्रॅम प्रथिनं लागतात, मधल्या तिमाहीत त्यात साडेनऊ ग्रॅमची भर, शेवटच्या तिमाहीत 22 ग्रॅमची. म्हणजे आत्ता 55 आणि सातव्या महिन्यानंतर 68. आपल्या घरातला नेहमीचा दिवस कागदावर मांडून बघा: सकाळी कांदेपोहे, डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री दोन पोळ्या, पातळ आमटी, भात. पोट गच्च भरतं आणि प्रथिनं जेमतेम 35 ग्रॅम. शरीराला हवं ते मिळत नाही, म्हणून दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि हात फरसाणाकडे जातो. वजन वाढतं ते तिथे.

तुमच्या वेळापत्रकात बसेल असा दिवस सांगते. सकाळी निघण्याआधी पोहेच खा, पण त्यात मूठभर वाफवलेली मोडाची मटकी आणि शेंगदाणे घाला, सोबत ग्लासभर दूध. मोड कच्चे नकोत, या दिवसांत कोशिंबिरीतही नकोत, कारण मोड यायला जी ऊब आणि ओल लागते त्यातच जंतूही वाढतात. अकरा वाजता पेरू किंवा मोसंबं आणि चणे. डब्यात दोन पोळ्या, एक वाटी घट्ट उसळ, एक पालेभाजी किंवा फळभाजी आणि दही. उसळीत ओलं खोबरं घालू नका आणि रस आटवून भरा. सकाळी सहाला केलेली खोबऱ्याची रसदार उसळ एप्रिल-मेच्या उकाड्यात जेवायच्या वेळेपर्यंत आंबते. दही ऑफिसच्या फ्रिजमध्ये जाईल असं बघा.

संध्याकाळची पाचची वेळ सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जणी ती चुकवतात. दुपारी दीडला जेवलेली बाई रात्री साडेनऊला जेवणार असेल तर मधल्या आठ तासांत स्टेशनबाहेरचा वडापाव टळणं अवघड आहे. म्हणून ऑफिस सोडण्याआधीच खाऊन निघा: दोन उकडलेली अंडी (सकाळपासून फ्रिजमध्ये ठेवलेली, पर्समध्ये नव्हे), किंवा 50 ग्रॅम पनीर, आणि फ्रिजची सोय नसेल तर चणे-शेंगदाणे आणि केळं. पोटात हे गेलं की गाडीत चक्कर येणंही कमी होतं. रात्री एक भाकरी किंवा दोन छोटे फुलके, एक वाटी भात, आणि वरण असं की चमचा फिरवला तर तळाची डाळ दिसायला हवी. पाण्यासारखी आमटी दोन वाट्या प्यायलात तरी हिशोब जमत नाही. भात बंद करू नका. वाटीभर भाताने कोणाचं काही बिघडत नाही, बिघडतं ते त्याच्यासोबत डाळ-भाजी कमी पडल्याने. या दिवसभरातल्या प्रथिनांची बेरीज साठ ग्रॅमच्या आसपास जाते.

किटो (भात-पोळी जवळपास बंद करून चरबीवर भागवायचं डाएट), सोळा तासांचे उपास, फक्त सूप-सॅलड यातलं काहीही या काळात करू नका. पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर चरबी जाळून किटोन तयार करतं, आणि ते गर्भाला चांगलं नाही. एकादशीचा उपास धरत असाल तर साबुदाण्याच्या खिचडीला उपास समजू नका. साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे, साखर झपकन वाढवतो. राजगिरा, शेंगदाणे, दूध, फळं यावर भागवा, किंवा नऊ महिने उपासाला सुट्टी द्या. तेच मला जास्त बरं वाटतं.

गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण इथेच सर्वात जास्त वाया जातं. चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी असते, सरकारी कार्यक्रमात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. कॅल्शियमच्या 500 मिलिग्रॅमच्या दोन. पुष्कळ जणी सगळ्या गोळ्या एकदम चहाबरोबर घेतात. कॅल्शियम लोहाला अडवतं, चहाही अडवतो, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11 च्या खालीच. कॅल्शियम नाश्त्याबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर घ्या. लोह दुपारी चारच्या सुमाराला, जेवण होऊन दोन-अडीच तास झाल्यावर, लिंबूपाण्याबरोबर. त्याच्या मागेपुढे तासभर चहा नको. मळमळ झाली तर थोड्या खाण्यावर घ्या, पण सोडू नका. शौचाला काळं होणं हे गोळीमुळेच असतं. बद्धकोष्ठता झाली तर पाणी, पालेभाजी आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका. तुम्ही शाकाहारी असाल तर बी-12 ची तपासणी एकदा मागून घ्या.

मासे खात असाल तर उष्ण पडतात म्हणून बंद करू नका. बांगडा, तारली, मांदेली, बोंबील आठवड्यातून दोनदा खुशाल खा. त्यात प्रथिनं भरपूर, आणि बांगडा-तारलीत बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-3. टाळायची ती मोरी, म्हणजे शार्क, कारण मोठ्या शिकारी माशांत पारा साठत जातो. सुरमईही त्याच कारणाने क्वचितच. तळलेल्यापेक्षा कालवण किंवा तव्यावर चमचाभर तेलात. तिसऱ्या पूर्ण शिजवून, आणि शिजूनही ज्यांचं तोंड उघडलं नाही त्या टाकून द्या. सुकट आणि सुके बोंबील कॅल्शियमला चांगले, पण दोनदा धुऊन, भिजवून मीठ काढल्याशिवाय नकोत. पिकलेली पपई दोन फोडी खाल्ल्याने काही होत नाही, चीक असलेली कच्ची मात्र टाळा.

बाहेरच्या खाण्याबद्दल मी कडक आहे, आणि त्याचं कारण कॅलरी नाही. पाणीपुरीचं पाणी, हिरवी चटणी, कापून ठेवलेली फळं, बर्फ घातलेला उसाचा रस, यातून टायफॉइड आणि कावीळ होते. हिपॅटायटिस ई ही एरवी आपोआप बरी होणारी कावीळ गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तिमाहीत, जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात इमारतीच्या टाकीत गढूळ पाणी येतं तेव्हा फिल्टर असला तरी उकळून घ्या. पाणीपुरीचे डोहाळे लागले तर घरी करा, उकळून गार केलेल्या पाण्यात. बाहेर खायचीच वेळ आली तर समोर गरम निघालेला डोसा किंवा इडली घ्या, चटणीऐवजी वाफाळतं सांबार.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांच्या हाताला जे येतं त्यातलं निम्मं तुम्हाला हवंच आहे: पिठलं, थालीपीठ, नाचणीची भाकरी, वालाची उसळ, शेवग्याच्या पाल्याची भाजी. त्यांना सांगा, डॉक्टरांनी मला रोज एक उसळ सांगितली आहे, ती तुमच्या हातची करा. लाडू लिंबाएवढे वळायला सांगा आणि एक दिवसाआड एक खा. आळिवाचे मात्र बाळंतपणानंतरच. डोहाळेजेवणाच्या दिवशी मनापासून जेवा, एका दिवसाने वजन बिघडत नाही.

चालण्याचं म्हणाल तर नाळ खाली असणं, रक्तस्राव किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालायचा सल्ला यातलं काही नसेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चाला, बोलता येईल इतक्या वेगाने. रात्री जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललात तर साखरेला आणि छातीतल्या जळजळीला दोन्हीला फायदा. गाडीत तासभर उभं राहणं हा व्यायाम नाही, त्याने पाय सुजतात. जागा मागून घ्या, लाजू नका.

वजन आठवड्यातून एकदाच करा. ठरलेला वार, सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, साधारण सारख्याच कपड्यांत. काटा चटईवर किंवा गालिच्यावर नको, सपाट लादीवर हवा. आकडा वहीत तारखेसह लिहा. दवाखान्यात संध्याकाळी, जेवून, जीन्स घालून केलेलं वजन यापेक्षा किलोभर जास्त दाखवू शकतं, ते घरच्या आकड्यात मिसळू नका. एखाद्या आठवड्यात 600 ग्रॅम वाढले आणि पुढच्यात शून्य, असंही होतं. चार आठवड्यांची मिळून वाढ बघा, ती सव्वा किलोच्या आसपास असली की झालं. सलग तीन आठवडे काटा हललाच नाही तर तेही डॉक्टरांना दाखवा.

एका आठवड्यात किलोच्या वर वाढ, चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीखाली पोटात दुखणं, यातलं काही दिसलं तर ते खाण्याचं वजन नसतं. रक्तदाब वाढल्याची ती खूण असू शकते, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि 24 ते 28 आठवड्यांच्या मधली साखरेची तपासणी चुकवू नका, तुमची वेळ दीड महिन्यावर आली आहे. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. आपल्याकडच्या पद्धतीत उपाशीपोटी जायची सक्ती नाही. 140 किंवा त्यावर आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते, म्हणून त्या दिवशी सुट्टी घ्या किंवा उशिरा जा. पहिल्या भेटीत ही तपासणी झाली असेल आणि ठीक आली असेल, तरी ही दुसरी करायचीच.