बर्कलेला जाणार असशील तर आधी नदीकडून बघ

पहिल्यांदाच जातोयस ना? मग तिकीट काढून थेट आत शिरू नकोस. बर्कले म्हणजे अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला जुना मळा; तिथलं 1726 चं विटांचं घर जेम्स नदीकडे तोंड करून उभं आहे. तेव्हा माणसं आणि तंबाखू यांची ये-जा नदीतूनच व्हायची. आपण आज गाडीनं येतो ती खरं तर मागची बाजू.

मग भिंतीजवळ जा. विटा तिथल्याच मातीच्या, तिथल्याच भट्टीत भाजलेल्या. कडेच्या दारावरचा दगड चुकवू नकोस: त्यावर साल आणि घर बांधणारा बेंजामिन हॅरिसन व त्याची बायको अ‍ॅन यांची आद्याक्षरं कोरली आहेत. त्यांचा मुलगा 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, नातू नववा राष्ट्राध्यक्ष. गाइड हे रंगवून सांगतीलच. शेतात राबणाऱ्या गुलामांबद्दल मात्र तू स्वतःहून विचार.

दर्जांवरून, म्हणजे विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांवरून, बोट फिरवून बघायचा मोह मला आजही होतो, पण हात लावू नकोस. त्या काळी तिकडे शिंपले भाजून चुना करायचे, तो मऊ असतो. अशा भिंतीत सिमेंट भरलं की ओल अडकते आणि वीटच सोलते. दुसऱ्या एका जुन्या घरात हे पाहून मी हळहळलो होतो.

आणि उन्हाळ्यात जाणार असशील तर डासांचं मलम घे.